जुन्या मर्सिडीज एमएलचा ब्रेक दाबताना फुस्स आवाज येतो, पॅडलही कडक झालंय. गाडी चालवू का?

नका चालवू. पॅड, ऑइल नंतर बघा, आधी ब्रेक बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवून ब्रेकला देणारा भाग, बघा. बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या बाजूला मागच्या पत्र्याला लागून मोठ्या डब्यासारखा गोल भाग दिसतो, तोच बूस्टर. त्यावर रबराचं आवरण असतं. त्याच्याखाली पाणी साचतं, जोडावर गंज चढतो, पत्रा झिजून हवा आत शिरते. फुस्स आवाज बहुधा त्याचाच. मग पायाचा जोर वाढवावा लागतो. क्वचित जोरात ब्रेक मारताना बूस्टरच तुटतो आणि पॅडलचा ब्रेकशी संबंधच संपतो.

याच दोषासाठी कंपनीने 2022 मध्ये जगभरातल्या सुमारे 10 लाख गाड्या परत बोलावल्या होत्या: 2004 ते 2015 दरम्यानच्या एमएल, जीएल आणि आर-क्लास. अमेरिकेत तर तपासणी होईपर्यंत गाडी चालवूच नका, असं मालकांना कळवलं होतं.

चासी नंबर देऊन सर्व्हिस सेंटरला विचारा, आणि गाडी टो करूनच न्या. रबर काढून आतला पत्रा तुमच्यासमोर दाखवायला सांगा. वरून चकाचक दिसतो हो, गंज खाली असतो. गंजलेला निघाला तर बूस्टर बदलायचा, घासून रंग मारून भागत नाही.