बसवलेला डोळा ओळखू येईल का?

"मॅडम, बसवलेला डोळा ओळखू येतो का हो?"

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मी आजवर किती तोंडून ऐकला असेल! दिवाळीत फटाका उडून डोळा गेलेला कॉलेजचा मुलगा. लेथवर काम करताना लोखंडाचा कण डोळ्यात घुसलेला कामगार. दृष्टिपटलाच्या कर्करोगामुळे दोन वर्षांच्या लेकराचा डोळा काढावा लागलेली आई. प्रत्येकाचं दुखणं वेगळं, पण पहिला प्रश्न हाच. उरलेल्या डोळ्याला कसं जपायचं, हे माणसं नंतर विचारतात. आधी विचारतात, "कुणाला कळेल का?"

त्यांना उत्तर देताना मला एक मुलगी नेहमी आठवते. तिच्या परवानगीने तिच्याबद्दल लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नाव मुद्दामच देत नाही.

ती चोवीस वर्षांची, कऱ्हाडकडची. घरचा ऊस, आणि ती एका पतसंस्थेत कॅश काउंटरवर. सुट्टीच्या दिवशी घरच्यांबरोबर उसाचा पाला काढायला गेली आणि पात्याची कड डाव्या डोळ्याला लागली. दोन दिवस घरगुती उपायांत गेले, मग औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले थेंब घातले. त्यात स्टिरॉइड होतं. शेतातल्या पानाने, काडीने बुबुळाला झालेल्या जखमेत बुरशीचा संसर्ग होऊ शकतो आणि स्टिरॉइडने तो आणखी फोफावतो. नेत्रतज्ज्ञांकडे पोहोचेपर्यंत बुबुळ फुटलं होतं. डॉक्टरांनी डोळ्याच्या आतला भाग काढला, बाहेरचं पांढरं आवरण आणि त्याला जोडलेले स्नायू राखले आणि आत गोटीसारखी एक गोळी बसवली. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा: पात्याने डोळ्याला ओरखडा आला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मध नको, दूध नको, दुकानदाराचे थेंब नकोत.

जखम भरायला सहा ते आठ आठवडे लागतात. मग कृत्रिम डोळा बसवतात. अनेकांच्या मनात काचेच्या गोल गोटीचं चित्र असतं. प्रत्यक्षात आजचा डोळा म्हणजे अॅक्रिलिक प्लास्टिकची वाटीसारखी पातळ चकती. पापण्यांच्या मागे, त्या आतल्या गोळीवर ती बसते. काचेचे डोळे मुख्यतः जर्मनीत बनत. दुसऱ्या महायुद्धात ते मिळेनासे झाले आणि अमेरिकेत अॅक्रिलिकचा डोळा पुढे आला. तो पडला तरी काचेसारखा फुटत नाही.

तिला आधी तयार डोळा मिळाला होता. त्याचा रंग फिका होता, मापही नीट नव्हतं, त्यामुळे ती सतत टक लावून बघते आहे असं वाटायचं. ती काळा चष्मा लावून घरात बसली. मग वडिलांनी पैसे जमवले आणि पुण्यात तिच्या मापाचा डोळा करून घेतला. खोबणीचा साचा, त्यावरून मेणाचा नमुना, मग तिला समोर बसवून उजव्या डोळ्याकडे बघत बघत हाताने रंगवलेलं बुबुळ, आणि पांढऱ्या भागावरच्या शिरांसाठी लाल रेशमाचे बारीक तंतू. हे मला सांगताना ती पहिल्यांदा मोकळी झाली. "मॅडम, माझ्या डोळ्याकडे इतका वेळ आजवर कुणी बघितलं नव्हतं!"

डोळा सुरेख जमला होता. समोरासमोर बसून बोलताना मलाही फरक जाणवत नव्हता. आणि नेमकी इथूनच तिची तब्येत बिघडली. झोप उडाली, जेवण तुटलं. घरच्यांना काही कळेना. आई मला म्हणाली, "ताई, डोळा नव्हता तेव्हा ही रडली ते समजलं. आता तर कुणाला काही दिसतसुद्धा नाही, मग आता काय झालं हिला?"

माझ्या मते आईने योग्य जागी बोट ठेवलं होतं. मी मुलीला विचारलं, "काळा चष्मा होता तेव्हा भीती वाटायची?"

"तेव्हा वाईट वाटायचं. भीती नाही. गावात सगळ्यांना माहीतच होतं."

"आणि आता?"

"आता मी दुसऱ्या शाखेत बदली मागून घेतली. तिथे कुणालाच माहीत नाही." ती थांबली. "म्हणजे आता कळण्यासारखं काहीतरी आहे."

हे वाक्य तिच्या तोंडून आलं आणि आमच्या कामाला दिशा मिळाली. उत्तम डोळ्याबरोबर तिला एक गुपितही मिळालं होतं, आणि ते राखण्यात तिचा सगळा दिवस जात होता. फोटोत कायम डावी बाजू मागे. बाजूला बघायचं तर नजर फिरवायची नाही, मान वळवायची. पापणीवर थेंब दिसला तर धावत आरशाकडे. मामाकडे मुक्कामाला जाणं बंद. डोळा जितका बेमालूम, तितका पकडलं जाण्याचा धाक मोठा. "अजिबात ओळखू येत नाही हो" असा दिलासा देणारे नातेवाईक नकळत हा धाक वाढवतच असतात. म्हणून मी तो दिलासा कधी देत नाही. खरं ते सांगते: समोरून बोलताना सहसा कळत नाही, पण नजर झर्रकन कडेला नेली तर फरक दिसतो, आणि उन्हात खऱ्या डोळ्याची बाहुली आकसते तशी रंगवलेली बाहुली आकसत नाही. म्हणजे कधीतरी, कुणाच्या तरी लक्षात येणार.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीच्या वाटेने काम करते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास ती मांडली आणि महाराष्ट्रात तिला मोठा वाचकवर्ग आहे. तिचा गाभा मला फार मोलाचा वाटतो: माणसाच्या इच्छेचा हट्ट झाला की तो खचतो. मी तिला मनात फिरणारं वाक्य वहीत लिहायला सांगितलं. तिने लिहिलं, "लोकांना कळता कामा नये." मग कळलं तर काय काय होईल, ते एकेक करून तपासलं. काही जण बघत राहतील? शक्य आहे. कुणी 'काणी' म्हणेल? तेही शक्य आहे, आणि ते ऐकून दुखेल. नोकरी जाईल? नाही. पैसे मोजता येणार नाहीत? मोजते आहेसच की. शेवटी तिने स्वतःच्या शब्दांत लिहिलं, "कळलं नाही तर मला बरं वाटेल. कळलं तर वाईट वाटेल, पण मी दुसऱ्या दिवशी कामावर जाईन." हे वाक्य मी सुचवलं नव्हतं, म्हणूनच मला त्याची किंमत वाटते.

पण वहीतलं वाक्य अंगात उतरायला कृती लागते. स्वतः एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला घाबरायचे. एकोणीस वर्षांचे असताना ते न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात जाऊन बाकावर बसलेल्या स्त्रियांशी ओळख काढायला लागले, शंभरेक जणींशी बोलले. त्यातून जमलेली एकुलती एक भेटही झाली नाही, कारण ती मुलगी आलीच नाही. भीती मात्र गेली. हे ऐकून ती खळखळून हसली. मी म्हटलं, "तुला शंभर नकोत. एका माणसाला सांग. जवळच्या मैत्रिणीला नको, साहेबांना नको. ज्याच्या मतावर तुझं फार काही अवलंबून नाही अशा कुणाला तरी."

पुढच्या वेळी ती आली तीच बोलत बोलत. शाखेतले शिपाईकाका रोज तिच्या डाव्या हाताला चहा ठेवायचे. तिला तो दिसायचा नाही, कोपर लागून पेला लवंडायचा. त्या दिवशी ती म्हणाली, "काका, मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. चहा उजवीकडं ठेवाल का?"

काका म्हणाले, "आता सांगतीस व्हय पोरी? अन् मी म्हनत हुतो, हिला माझा चा आवडंना." पेला उचलून उजवीकडे ठेवला आणि गेले.

"मॅडम, त्यांनी माझ्या डोळ्याकडे बघितलंसुद्धा नाही!"

त्या प्रसंगावर आम्ही पुढचा सगळा तास घालवला, कारण त्यात मला हवं होतं ते सगळं होतं. तिने "माझा डोळा खोटा आहे" असं सांगितलं नव्हतं. काय दिसत नाही आणि काय करावं, एवढंच सांगितलं होतं. ऐकणाऱ्याला हाताला काम मिळालं, त्यामुळे त्याला कीव करायला किंवा टक लावून बघायला सवडच राहिली नाही. मग तिला आणखी एक गोष्ट उमगली. नव्या शाखेत ती 'शिष्ट' म्हणून ओळखली जात होती. डावीकडून हाक आली तर तिचं लक्ष जायचं नाही, डावीकडून पासबुक पुढे करणारे आजोबा ताटकळत राहायचे. डोळा लपवताना तिने अडचणही लपवली होती, आणि रिकाम्या जागी लोकांनी आपापला अर्थ भरला होता. त्याच आठवड्यात तिने शाखाधिकाऱ्यांना सांगून टेबल भिंतीच्या कडेला घेतलं, म्हणजे डावीकडे भिंत आणि रांग उजवीकडून.

तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सुचवते. सांगायचं तेव्हा माहितीला एक छोटी विनंती जोडा. "माझ्या उजव्या बाजूने चाल." "गर्दीत डावीकडून धक्का लागला तर आधीच माफ कर." खेड्यातल्या आजीपासून आयटी कंपनीतल्या मुलापर्यंत बहुतेकांना हे जमतं.

लग्नाचा विषय निघणारच होता. आईचा आग्रह होता की डोळा कळत नाही तर सांगायचंच कशाला, सांगितलं की स्थळं दारातूनच परत जातील. मी विचारलं, "ताई, लग्नानंतर डोळ्यात कचरा गेला, चकती काढून धुवायची वेळ आली, तर ही किती वर्षं न्हाणीघराची कडी लावून धुणार?" आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मी तिच्या आत्यालाही सांगितलं नाही अजून." त्यानंतरच्या काही भेटी मी एकट्या आईच्याच घेतल्या. अशा घरात मुलीइतकंच आईलाही बोलायला कुणीतरी हवं असतं.

या बाबतीत माझं मत ठाम आहे. परिचयपत्रात छापायची गरज नाही. पण दोघं पहिल्यांदा भेटून एकमेकांत रस वाटला की बैठकीच्या आधी सांगायचं, आणि मध्यस्थाने नव्हे, मुलीने किंवा मुलाने स्वतः. नकार येऊ शकतो. तिला एक आला. ती दोन दिवस रडली, आणि आत्याला आपण होऊन सगळं सांगून टाकलं. सध्या दुसऱ्या एका ठिकाणी बोलणं चालू आहे. त्या मुलाने विचारलं, "गाडीवर मागे बसताना तुला कुठल्या बाजूची भीती वाटते?" हा प्रश्न मला आवडला.

धीर द्यायला म्हणून सगळे पतौडींचं उदाहरण देतात. गोष्ट खरीच आहे. जुलै 1961 मध्ये इंग्लंडमधल्या मोटार अपघातात मन्सूर अली खान पतौडींच्या उजव्या डोळ्याची नजर गेली, त्याच वर्षी डिसेंबरात ते भारताकडून कसोटी खेळले आणि 1962 मध्ये एकविसाव्या वर्षी कर्णधार झाले. तरी सुरुवातीला हे उदाहरण देऊ नका, असं मी घरच्यांना सांगते. ज्याला जिना उतरताना शेवटची पायरी कळत नाही, त्याला ते ऐकून आपण फारच कमी पडतो असं वाटतं. त्यापेक्षा कपात चहा ओतताना किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवायला शिकवा. दोन डोळ्यांनी मिळणारा खोलीचा अंदाज एका डोळ्याला नव्या खुणांनी शिकावा लागतो, त्याला काही महिने लागतात, आणि बहुतेकांना तो बराचसा येतो. तोवर कठड्याला हात लावून उतरायचं, रस्ता ओलांडताना न दिसणाऱ्या बाजूला मान पूर्ण वळवायची.

निगेबद्दल इतके गैरसमज आहेत की सांगायलाच हवं. डोळा रोज रात्री काढून पाण्यात ठेवायची गरज सहसा नसते. वारंवार काढघाल केली तर आतली त्वचा चुरचुरते, स्राव वाढतो. काढाल तेव्हा हात धुवून, सौम्य साबण आणि पाण्याने धुवा. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावलं तर अॅक्रिलिकला तडे जातात. पुसताना नाकाच्या दिशेने पुसा, बाहेरच्या दिशेने पुसलं तर चकती सरकू शकते. वर्षातून एकदा तरी पॉलिश करून घ्या आणि साधारण पाच वर्षांनी बदलायची तयारी ठेवा, कारण खोबणीचा आकार बदलत जातो. नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे सहजी न फुटणाऱ्या भिंगांचा, चष्मा वापरा, तो उरलेल्या डोळ्यासाठी आहे. त्या मुलीने आता तो लावल्याशिवाय उसात पाऊल टाकायचं नाही असं ठरवलंय, आणि वडिलांनाही लावायला लावलाय. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर अपंगत्व साधारण 30 टक्के धरतात. नोकरीतल्या आरक्षणासाठी 40 टक्के लागतात, त्यामुळे त्या आशेवर पोराबाळांची वर्षं घालवू नका.

लहान मुलांच्या आईवडिलांशी दोन शब्द. मूल वाढतं तशी चकती लवकर लहान पडते, म्हणून तपासण्या चुकवू नका. डोळा कर्करोगामुळे काढला असेल तर दुसऱ्या डोळ्याची तपासणी डॉक्टर सांगतील तितकी वर्षं चालू ठेवा. आणि शाळेत सांगा, मुलासमोर सांगा, दबक्या आवाजात नको. डावा डोळा नसेल तर त्याला वर्गात डावीकडच्या बाकावर बसवायला सांगा, म्हणजे फळा, बाई आणि बाकीची मुलं उजव्या डोळ्याच्या बाजूला येतील. कुणी "तुझा डोळा असा का?" विचारलं तर काय म्हणायचं, ते घरीच बोलून ठेवा. माझ्याकडे येणारा पहिलीतला एक मुलगा सांगतो, "हा रंगवलेलाय, दिसतं मला ह्याने," आणि दुसऱ्या डोळ्याकडे बोट दाखवून खेळायला पळतो.