‘क-२’ आला म्हणजे पोरगं ‘ढ’ झालं का?

१ मेला झेंडावंदन होतं, लगेच निकाल वाटला जातो आणि दुपारपर्यंत शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडतात. त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या प्राथमिकच्या पालकांचा प्रश्न साधारण एकच असतो. लेकरू मागं पडलं, आता सुट्टीत काय करू? ट्यूशन लावू की शाळाच बदलू? हाच प्रश्न घेऊन आलेल्या एका आईची ही गोष्ट. घरच्यांना विचारून लिहितेय, आणि ओळख पटेल ते सगळं काढून टाकलंय.

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातलं गाव. चौथीपर्यंतची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. मुलगा तिसरी संपवून चौथीत गेलेला. आई सातवी शिकलेली, मजुरीला जाते. वडील थोडी कोरडवाहू शेती सांभाळून दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर.

“सारे ढ म्हनते त्याले,” ती खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली. “निकाल लागला तवापासून पोट दुखते म्हनते. खेळाले जात नाई, धड जेवत नाई. डाक्टरले दाखवलं, काई नाई म्हने.”

तिने फोन पुढे केला. शाळेचा मेसेज लांबलचक होता आणि खरं सांगायचं तर चांगला होता. सुट्टी कधीपासून, शाळा कधी उघडणार, गणवेशाचं माप कोणाचं राहिलंय, पहिलीत यंदा कोणाकोणाला घालायचंय, सगळं नीट लिहिलेलं. पण त्याच्या वर प्रत्येक वर्गाचे ‘प्रथम, द्वितीय, तृतीय’ असे गुलाल लावलेले फोटो होते आणि खाली अंगठ्यांची नि फुलांची रांग. घरात बोलणं झालं ते फक्त फोटोंवर. त्यात संध्याकाळी काकांनी घरच्या ग्रुपवर आपल्या मुलाची गुणपत्रिका टाकली. तो तालुक्याला कॉन्व्हेंटात, ९२ टक्के. बापाने ती जेवताना मोठ्यानं वाचून दाखवली.

जि. प. शाळेच्या प्रगतीपुस्तकात मुळात नंबर नसतोच. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, त्यात श्रेणी मिळते. ९१ च्या वर अ-१, मग दहा-दहाच्या टप्प्याने खाली येत ४१ ते ५० म्हणजे क-२. तरी गावोगाव नंबर काढले जातात, कारण पालकच विचारतात, “गुरुजी, पयला कोन आला?” आठ-दहा लेकरांच्या वर्गात पहिल्या तिघांचे फोटो टाकले की उरलेल्या पाच-सात घरांत काय चालतं, ते मला मे महिन्यात ऐकायला मिळतं. मला ही पद्धत आवडत नाही आणि मी ते शिक्षकांनाही सांगते.

पोटदुखीचं आधी सांगते, कारण बापाचं म्हणणं होतं की पोरगं नाटकं करतंय. नाटक नव्हतं. आठ वर्षांच्या लेकराला ‘मला भीती वाटते, लाज वाटते’ असं बोलून दाखवता येत नाही. मनावर ताण आला की पोटात कळ येते, आणि ती खरीच येते. कधी दुखतं ते विचारल्यावर आई थोडं थांबून म्हणाली, “सांजच्याले. हे घरी आले का.” डॉक्टरांनी आधीच तपासलं होतं, म्हणून मी तिथून पुढे जाऊ शकले. तपासणी झालेली नसती, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं असतं.

मग मी प्रगतीपुस्तक मागितलं. पिशवीत, आधार कार्डाच्या प्लास्टिकमध्ये घडी करून ठेवलेलं होतं. मराठी क-२, इंग्रजी क-१, परिसर अभ्यास क-१, गणित ब-२, कला अ-२. ‘ढ’ म्हणवल्या जाणाऱ्या पोराला गणितात साठच्या वर गुण होते, आणि घरात ते कोणी पाहिलंही नव्हतं. बाजूला वर्णनात्मक नोंदी होत्या. या नोंदींची तयार यादी दरवर्षी शिक्षकांच्या ग्रुपवर फिरते, हे मला ठाऊक आहे. ‘वर्गात नियमित लक्ष देतो’ छापाची वाक्यं मी फारशी मनावर घेत नाही. पण ‘सुधारणा आवश्यक’च्या रकान्यात वेगळ्या पेनाने एक ओळ होती: ‘जोडाक्षरांचे शब्द वाचताना अडतो.’ ही यादीतली नव्हती. गुरुजींनी या एका पोराकडे पाहून ती लिहिली होती.

पान उलटलं तर मागे हजेरीचा तक्ता, कामाचे दिवस आणि हजर दिवस. जुलै ते सप्टेंबर जवळपास पूर्ण. नोव्हेंबरमध्ये १६ पैकी ७. डिसेंबर, २५ पैकी ११. जानेवारीतही निम्म्याच्या आसपास. मी त्या आकड्यांवर बोट ठेवलं, आणि आई काही न बोलता पदराशी चाळा करू लागली. मग सांगितलं तिने. वेचणीचे दिवस. ती कापूस वेचायला जायची, धाकटी लेक कोणाजवळ ठेवायची हा प्रश्न, म्हणून हा बांधावर बहिणीला सांभाळत बसायचा. विदर्भात हे नवल नाही. सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या आरंभीची पूजा, झाली की शाळांची हजेरी खाली येते आणि पऱ्हाटीची बोंडं संपेपर्यंत तशीच राहते.

तिसरीत १०० पैकी ६० गुण आकारिकचे असतात, ४० संकलितचे, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे. आकारिक म्हणजे रोजचं काम, तोंडी, उपक्रम, वहीतला अभ्यास. पोरगं वर्गातच नसेल तर हे गुण द्यायचे कशावर? क-२ मध्ये त्या रिकाम्या दिवसांचा वाटा मोठा होता. पोराच्या डोक्याचा दोष मला त्यात दिसत नव्हता, पण तपासून पाहायचं होतं.

तो यवतमाळच्या बसस्टँडवर उतरून आला होता, म्हणून मी कागदावर बसच्या पाट्याच लिहिल्या. राळेगाव, उमरखेड, घाटंजी, अमरावती धडाधड वाचल्या. ‘पांढरकवडा’ एवढा लांब शब्द, तोही एका दमात. मग ‘वर्धा’ आला आणि गाडी थांबली. “वधा?” असं विचारून माझ्याकडे पाहिलं. ‘दिग्रस’चं ‘दिगरस’ झालं, ‘दारव्हा’चं ‘दारवहा’, ‘आर्णी’ त्याने सोडूनच दिली. आई शेजारी बसून पाहत होती. अक्षर येतं, काना-मात्रा येतात, अनुस्वार येतो. फक्त जोडाक्षर आणि रफार अडतो. तिसरीच्या पुस्तकात ओळीओळीला जोडाक्षरं असतात, त्यामुळे पूर्ण धडाच अडतो आणि सगळ्यांना वाटतं याला वाचताच येत नाही.

“एवढंच?” ती म्हणाली.

सध्या तरी एवढंच.

वडिलांशी फोनवर बोलले. पहिली दोन मिनिटं अवघडच गेली. “मी काई मारत नाई त्याले मॅडम, दोन शब्द बोललो फक्त.” त्यांची भीती दुसरीच होती. आता पुन्हा नापास करायला लागलेत असा मेसेज त्यांनी कुठेतरी वाचला होता. यात अर्धं खरं आहे. शिक्षण हक्क कायद्यात आधी आठवीपर्यंत कोणालाच मागे ठेवायचं नव्हतं. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना मुभा मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. त्यात कमी पडलेल्या मुलाला पुन्हा परीक्षा देता येते, आणि तीही जमली नाही तरच तो त्याच वर्गात राहतो. तिसरी-चौथीला यातलं काही लागू नाही. म्हणजे या पोराला पाचवीच्या परीक्षेआधी चौथीचं सगळं वर्ष हाताशी होतं. हे ऐकल्यावर आवाज उतरला.

पण कॉन्व्हेंटचा विचार सुटला नव्हता. “यंदा काढून टाकतो म्हनलं, व्हॅन येतेच गावात.” फी आणि व्हॅनसाठी खरिपाच्या तोंडावर उसनवारी करायची तयारी होती. माझं मत मी स्पष्ट सांगितलं. शाळा बदलायची कारणं असतात. शिक्षक येत नाहीत, मारतात, लेकरू सुरक्षित नाही, अशी कारणं असतील तर जरूर बदला. एका क-२ साठी बदलू नका. जे पोर मराठीतल्या जोडाक्षराशी अडलंय, ते इंग्रजी माध्यमात गेल्यावर जोडाक्षर तर सुटत नाहीच, वर दुसऱ्या भाषेचं ओझं चढतं. आणि वेचणीच्या दिवसात व्हॅन दारात उभी राहिली तरी धाकटीला सांभाळायला कोण, हा प्रश्न तसाच राहतो. त्यावर ते गप्प झाले. पटले असं नाही, पण “पाहू” म्हणाले.

एक विनंती मात्र मी हट्टाने केली. पोरासमोर ९२ टक्क्यांचं नाव काढू नका, आणि आज घरी गेल्यावर गणिताच्या ब-२ वर काहीतरी बोला. कौतुकाची शब्दसुमनं नकोत. “गणित चांगलं आलं रे तुले” एवढं पुरे.

आईने तोवर गुरुजींशी कधी समोर बसून बोलणंच केलं नव्हतं. जे काही होतं ते ग्रुपवर, आणि ग्रुपवर बोलायची तिला लाज वाटायची. सुट्टी लागली असली तरी गुरुजी शाळेच्या कामासाठी येत-जात होते. ती जाऊन भेटली. त्यांना काय विचारायचं ते आम्ही आधी ठरवलं होतं. हुशार आहे की नाही, हे विचारायचं नाही. काय वाचता येतं, काय येत नाही, आणि सुट्टीत एकच गोष्ट करून घ्यायची तर कोणती, एवढंच. गुरुजींनी पाच मिनिटांत सांगितलं. शिवाय हेही सांगितलं की डिसेंबरात त्यांनी दोनदा निरोप पाठवला होता आणि “वेचणी होऊ द्या गुरुजी” असं उत्तर आलं होतं.

आपल्या विदर्भातली उन्हाळी सुट्टी उर्वरित महाराष्ट्रापेक्षा लांब. तिकडे जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतात, आपल्याकडे उन्हामुळे जूनअखेर किंवा जुलै उजाडतो. आईचं म्हणणं, “दोन महिने घरी राह्यलं तं जे येते तेही इसरन.” मी ट्यूशनला नाही म्हटलं. पंचेचाळीसच्या उन्हात पोराला दुसऱ्या गावी पाठवायचं आणि तिथे पुन्हा त्याच धड्याशी झटापट करायची, याने निकालाची शिक्षा लांबते फक्त.

मे महिन्यात गावातल्या प्रत्येक घरात एक गोष्ट खंडीभर येते, ती म्हणजे लग्नपत्रिका. श्री, प्रसन्न, मुहूर्त, निमंत्रण, ज्येष्ठ, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक. जोडाक्षरांचा याहून चांगला खजिना मी शोधूनही दिला नसता. आजीला वाचता येत नाही, पण कोणाचं लग्न, कुठे, किती वाजता आणि निमंत्रकांत कोणाचं नाव राहिलं, यात तिला भारी रस. तेव्हा ठरलं असं की सकाळी ऊन चढायच्या आत आजी नि नातू अंगणात बसतील आणि तो एक पत्रिका वाचून दाखवेल. अडला तर आईने तो शब्द पाटीवर फोडून लिहायचा, र् अधिक ध, मग ‘र्ध’. सुधारायला घाई करायची नाही. अर्धा तास झाला की उठायचं. दुपारी काय वाट्टेल ते खेळू दे.

पहिल्या आठवड्यात तो पत्रिकेतली फक्त तारीख सांगून पळायचा, असं आईने फोनवर सांगितलं. मग आजीने त्याच्या आत्याच्या गावच्या पत्रिकेत “माहं नाव हाय का पाय” म्हणून त्याला सगळी निमंत्रकांची यादी वाचायला लावली. नाव नव्हतं. आजी दोन दिवस रुसली, पण पोराने यादी पूर्ण वाचली होती. पोटदुखी मेअखेर थांबली.

आता, प्रत्येक लेकराचं कोडं असं हजेरीत सापडत नाही, म्हणून इतर पालकांसाठी थोडं. हजेरी पूर्ण आहे, शिकवलंही नीट गेलंय, तरी तिसरी-चौथीत मूल अक्षरंच ओळखत नाही, एकाच शब्दाचं रोज नवं वाचन करतं, फळ्यावरचं उतरवता येत नाही, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांना सांगता येतं. त्यानंतरही अडचण राहिली तर तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, मुख्याध्यापकांमार्फत त्यांना गाठा. अध्ययन अक्षमता हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्य झालेलं कारण आहे, त्यात लाज कसली. आणि निकालानंतर मूल ‘मी मरून जातो’, ‘घरातून निघून जातो’ असं काही बोललं, तर ते हसण्यावारी नेऊ नका. टेलि-मानसचा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे दोन्ही नंबर फुकट आहेत, रात्रीही लागतात.

शाळा सुरू झाल्यावर जुलैत ती पुन्हा आली, पोराला घेऊनच. ‘वर्धा’ नि ‘आर्णी’ आता सरळ वाचतो. ‘स्वागतोत्सुक’ला अजून दम लागतो, तो मलाही लागतो. लेखनात जोडाक्षरं अजून चुकतात, ते चौथीभर चालेल. कॉन्व्हेंटचं यंदापुरतं बारगळलं, वडिलांनी ते पैसे सोयाबीनच्या बियाण्यात घातले.

राहिला वेचणीचा प्रश्न. धाकटीला तीन पूर्ण झालीत, म्हणून आईने अंगणवाडीत तिचं नाव टाकलंय. पण अंगणवाडी दुपारी सुटते आणि वेचणी संध्याकाळपर्यंत चालते. मधला वेळ आजी सांभाळेल, असं आई म्हणते. आजीचे गुडघे काय म्हणतात ते दिवाळीनंतर कळेल. मी वडिलांना सांगून ठेवलंय की पहिल्या सत्राचं प्रगतीपुस्तक आलं की आधी मागचं पान उघडा आणि मला फोन करा.