जहाज गंजणार, हे माहीत असताना सुरुवातीलाच दुप्पट जाड पत्रा का लावत नाहीत?

जाडी वाढवतात, पण मोजून. जहाजाच्या सांगाड्याची तपासणी हे माझं काम, आणि हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

मोठ्या तेलवाहू आणि बल्क कॅरियर (धान्य, कोळसा असा सुटा माल नेणाऱ्या) जहाजांचे नियम २५ वर्षांचं आयुष्य आणि उत्तर अटलांटिकचा खवळलेला समुद्र गृहीत धरतात. ताकदीचा हिशोब गंजून उरणाऱ्या जाडीवर होतो आणि गंजात जाणारे मिलिमीटर वर वेगळे जोडतात. बॅलास्ट टाकीत, म्हणजे जहाज रिकामं असताना तोल राखायला समुद्राचं पाणी भरतात त्या टाकीत, खारं पाणी आणि हवा आलटून पालटून लागते, म्हणून तिथे जास्त. कोरड्या जागी कमी. सरसकट दुप्पट केलं तर वजन वाढून माल कमी मावेल, आणि तड्यांचा प्रश्न तसाच राहील.

कारण तडा सुरू होतो तो ताण एकवटतो तिथे: कोपऱ्यात, वेल्डच्या टोकाशी. जानेवारी १९४३ मध्ये ‘स्केनेक्टडी’ हा नवाकोरा टँकर अमेरिकेत पोर्टलंडला, शांत पाण्यात धक्क्याला उभा असताना दुभंगला. त्या काळातलं पोलाद थंडीत ठिसूळ व्हायचं, वेल्डिंगमध्येही दोष असायचे. जुन्या, रिव्हेटने (धातूच्या खिळ्यांनी) पत्रे जोडलेल्या जहाजात तडा बहुधा पत्र्याच्या सांध्यापाशी अडायचा. वेल्ड केलेलं जहाज म्हणजे एकसंध पत्रा, तडा धावतच सुटतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बांधलेल्या लिबर्टी मालवाहू जहाजांच्या हॅचचे (डेकवरच्या माल उतरवण्याच्या तोंडाचे) काटकोनी कोपरे मग गोलाकार केले, तडा अडवायला रिव्हेटच्या पट्ट्या बसवल्या. आजही डेक आणि बाजू जिथे मिळतात त्या पट्ट्यात थंडीतही चिवट राहणारं पोलाद घालतात. माझ्या मते खरी रचना हीच: तडा जाईल असं धरून चालायचं आणि त्याला पुढे वाट ठेवायची नाही.

मोठ्या इजेचंही तसंच. तेलवाहू आणि बल्क कॅरियर या दोन्हींसाठी २०१५ पासून असलेल्या सामायिक नियमांत टक्कर झाल्यावर किंवा तळ खडकावर घासल्यावर उरलेला सांगाडा वाकण्याचा भार पेलतो का, हे तपासावं लागतं.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक डिझायनरला कळकळीने सांगतो: जिथे माणूस बॅटरी घेऊन पोचू शकत नाही, असा कोपरा ठेवू नका. दर पाच वर्षांच्या मोठ्या तपासणीत अल्ट्रासॉनिक यंत्राने जाडी मोजतात, पण हात पोचला तरच. झिजेच्या ठरलेल्या मर्यादेच्या जवळ आलेल्या भागावर पुढे दर वर्षी नजर ठेवतात. मर्यादा ओलांडली की तेवढा पत्रा कापून नवा बसवतात; वरून दुसरा पत्रा डकवणं हा कायमचा इलाज धरत नाहीत.