घरखर्चाचे प्रश्न: तेलाचा डबा, वर्षाची चटणी आणि पावसाळ्याआधीची खरेदी

प्रश्न (कसबा बावडा): तेलाचा डबा एका दुकानात 2,200 रुपयांना आहे, दुसऱ्यात 2,350 ला. कंपनी वेगळी, पण दोन्ही शेंगतेलच. दीडशे रुपये जास्त का द्यायचे?

उत्तर: आधी दोन्ही डब्यांवरचं निव्वळ वजन वाचा. बाजारात 15 लिटरचा डबा मिळतो तसाच 15 किलोचाही मिळतो, आणि दोघांनाही आपण ‘पंधराचा डबा’च म्हणतो. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक लिटर भरतं साधारण 910 ग्रॅम. म्हणजे 15 लिटरच्या डब्यात तेल 13 किलो 650 ग्रॅम. तुमचा 2,200 चा डबा लिटरचा असेल तर तो किलोला 161 रुपयांना पडला, आणि 2,350 चा डबा किलोचा असेल तर 157 ला. महाग वाटणारा डबाच किलोमागे चार रुपयांनी स्वस्त निघतो. पिशव्यांचंही तसंच. एक लिटरच्या पिशवीशेजारी तेवढीच दिसणारी 850 किंवा 800 ग्रॅमची पिशवी ठेवलेली असते. दर विचारताना ‘पिशवी कितीला’ असं विचारू नका, ‘किलोला काय पडलं’ असं विचारा.

लाकडी घाण्याच्या तेलाबद्दलही अनेकांनी विचारलं आहे. त्याचा हिशेब सरळ आहे. घाण्यावर एक किलो तेल निघायला साधारण सव्वादोन ते अडीच किलो शेंगदाणे लागतात, बाकी पेंड उरते. तेव्हा अडीच किलो दाण्यांची किंमत काढा, त्यातून दीडेक किलो पेंडीचे पैसे वजा करा आणि गाळणावळ मिळवा. कुणी याच्या बरंच खाली ‘शुद्ध घाण्याचं’ तेल देत असेल, तर त्यात दुसरं तेल मिसळल्याची शंका घ्यावीच लागते. स्वतः दाणे नेऊन समोर गाळून घेणार असाल, तर कुबट आणि सुरकुतलेले दाणे निवडून काढा. चार मुठी कुबट दाण्यांनी सगळं तेल लवकर खवट होतं.

प्रश्न (फुलेवाडी): वर्षाची चटणी, म्हणजे कांदा-लसूण मसाला, घरी करणं परवडतं का? गेल्या वर्षीच्या चटणीला श्रावणातच बुरशी आली. मिरची कोणती घ्यावी, प्रमाण काय ठेवावं?

उत्तर: परवडते, पण मिरची वेळेवर घेतली आणि ओल ठेवली नाही तर. नव्या मिरचीची आवक फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जोरात असते, खरेदी तेव्हाच उरका. पावसाळ्यानंतर मिळणारा माल बहुतेक साठवणीतला असतो, त्याचा रंग उतरलेला असतो.

रंगाला ब्याडगी आणि तिखटपणाला संकेश्वरी, हे आपल्याकडचं जुनं गणित बरोबरच आहे. किलोभर मिरचीत 600 ग्रॅम ब्याडगी आणि 400 ग्रॅम संकेश्वरी घ्या. घरात लहान मुलं असतील तर 700 आणि 300. नुसती ब्याडगी घेतली की चटणी लाल दिसते पण आमटीला तिखटपणा येत नाही. मग माणूस एकाऐवजी दोन चमचे घालतो आणि वर्षाची चटणी आठ महिन्यांत संपते.

घेताना मूठभर मिरची दाबून पाहा. वाळलेली मिरची कडकडते आणि आत बी खुळखुळतं. दाबल्यावर तशीच चपटी राहिली तर ती ओली आहे, आणि पाण्याचे पैसे तुम्ही मिरचीच्या दराने देताय. अशी मिरची दोन दिवस उन्हात टाकली की किलोमागे 100 ग्रॅम सहज घटते. पोत्यात वरची मिरची लाल आणि खाली फटकी, म्हणजे पांढरट पडलेली, असंही असतं. हात खाली घालून बघा. दुकानदार तसं करू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

एक किलो मिरचीला: कांदा 1 किलो, सोललेला लसूण 250 ग्रॅम, सुकं खोबरं 250, धने 250, तीळ 100, जिरे 50, खडा मसाला सगळा मिळून 100, मीठ 200 आणि तळण्या-भाजण्यात मुरणारं तेल साधारण 150 ग्रॅम. देठ काढून, घट धरून तयार चटणी सव्वादोन ते अडीच किलो भरते. कांदा एक किलो दिसतो, पण तळून वाळला की पाव किलोच्या आत येतो. खर्च काढताना एकूण पैशाला तयार चटणीच्या वजनाने भागा. ‘मिरची एवढ्याची झाली’ एवढ्यावर थांबू नका. मग त्या आकड्याशी पाकिटाचा दर ताडून बघा. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. मीठ पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर तुम्ही मिठाला मिरचीचा भाव देताय.

बुरशीचं कारण बहुतेक वेळा कांदाच असतो. तो गुलाबी नको, तपकिरी आणि कुरकुरीत हवा. निथळून, पूर्ण गार करून मगच डंकावर, म्हणजे मसाला कांडायच्या गिरणीत, न्या. मीठही भाजून घ्या. मिरची देठ कट्कन मोडेपर्यंत वाळवा. डंकावर आधी मिरची, मग मसाला, शेवटी कांदा-लसूण. कांडून आलेली चटणी गरम असते. ती तशीच बरणीत भरली की वाफ आतच राहते. रात्रभर परातीत पसरून ठेवा, सकाळी चिनी मातीच्या कोरड्या बरणीत दाबून भरा, मधे हिंगाचे खडे ठेवा. रोजच्या वापराची चटणी वेगळ्या छोट्या डब्यात काढा, म्हणजे मोठ्या बरणीत ओला चमचा जायचा प्रश्नच राहत नाही.

प्रश्न (राजारामपुरी): आम्ही तिघे, फ्लॅटमध्ये राहतो. सासूबाई म्हणतात, वर्षाचं धान्य भरून ठेवा. खरंच वाचतं का?

उत्तर: सासूबाईंच्या वेळी घरात माणसं जास्त होती आणि धान्य वाळवायला अंगण होतं. तिघांना एकवेळच्या चपातीला दिवसाला 200 ग्रॅम गहू धरला तर महिन्याला 6 किलो होतात. समजा 60 किलो एकदम घेऊन किलोमागे 4 रुपये वाचले, म्हणजे 240 रुपये. आता 40 रुपये किलोचा 6 किलो गहू किडला की ते 240 तिथेच संपले. म्हणून तुम्ही दिवाळीपर्यंतचा, 35 ते 40 किलो गहू एप्रिल-मेमध्ये घ्यावा, तेवढाच नीट सांभाळता येतो. तांदूळ मात्र जास्त घ्यायला हरकत नाही. घनसाळ किंवा इंद्रायणी जानेवारी-फेब्रुवारीत नवा मिळतो. तो घरात जुना होऊ द्या. जुना तांदूळ पाणी जास्त घेतो, तेवढ्याच मापात भात जास्त होतो. तूरडाळ तीन महिन्यांची पुरे. रवा, बेसन आणि पोहे महिन्यापुरतेच.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात धान्य घेताना आधी एक किलो नमुना घरी आणा, चाळा, निवडा आणि निघालेला कचरा वजन करा. 40 ग्रॅम निघाला तर शंभराचा गहू खरं म्हणजे 104 ला पडला. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. भरण्याआधी दोन-तीन कडक उन्हं द्या, गार होऊ द्या, मग घट्ट झाकणाच्या कोठीत भरा. 40 किलो गव्हाला 55 लिटरची जागा पुरते. डाळीला दहा किलोमागे 50 मिली एरंडेल चोळा. धान्यात ठेवायच्या विषारी धुरीच्या गोळ्या मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी घरात आणू नका. त्यातून फॉस्फिन वायू निघतो आणि बंद खोलीत त्याने माणसं दगावतात.

प्रश्न (कागल): गुळाचा मोठा रवा (ढेप) घ्यावा की किलोचे रवे?

उत्तर: मोठ्या रव्याचा दर कमी पडतो, पण फोडलेली बाजू हवेतली ओल ओढते आणि जूनमध्ये गूळ पाझरू लागतो. दहा किलोचा रवा तीन घरांत वाटून घ्या. पावसाळ्यासाठी किलोचे न फोडलेले रवे कागदात, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून डब्यात ठेवा. संक्रांतीची गर्दी ओसरली की मार्चपर्यंत घेऊन टाका. पिवळाधमक रंग पाहून दोन पैसे जास्त देऊ नका, तसा रंग बऱ्याचदा हायड्रोस या रसायनाने आणलेला असतो. तपकिरी, कडक आणि खारट न लागणारा गूळ घ्या. तुकडा पाण्यात विरघळवून तळाशी पांढरा गाळ बसतो का तेही पाहा.

प्रश्न (शाहूपुरी): ‘दोनवर एक फुकट’ घ्यावं का?

उत्तर: साबण, कपड्यांची पावडर घ्या. बिस्किटं, फरसाण नको, घरात जास्त असलं की जास्त संपतं. पाकिटावर कमाल किमतीजवळ एकक दर छापलेला असतो. छोट्या पाकिटावर तो ग्रॅमला, किलोच्या वरच्या पाकिटावर किलोला असतो, म्हणून लोक फसतात. 17 पैसे ग्रॅम म्हणजे किलोला 170 रुपये. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तर बिल ठेवा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

प्रश्न (उचगाव): कोल्हापुरी चप्पल दरवर्षी बदलावी लागते. स्वस्तातली घेतो म्हणून का?

उत्तर: बहुधा तळामुळे. चप्पल आडवी धरून कड पाहा. सगळे थर चामड्याचे दिसले पाहिजेत. मधे पुठ्ठा किंवा रबर असेल तर पहिल्या पावसात थर सुटतात. शिवण चामड्याच्या वादीची हवी, खिळे नकोत. करकर आवाजावरून दर्जा ठरवू नका, तो मुद्दाम आणतात. दुप्पट किंमत देऊन तीन वर्षं टिकली तर वर्षाचा खर्च कमीच झाला. मात्र जून ते सप्टेंबर ती घालू नका. भिजलीच तर उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, चामडं आक्रसून तडकतं. सावलीत दोन दिवस वाळवा, मग कापसाने वरून आणि तळाला थोडं खोबरेल किंवा एरंडेल लावा. पावसाळ्यात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली की बुरशी येते.