स्क्वॉशवर कादंबऱ्या आहेत का? आणि खेळणाऱ्यांना या खेळाची स्वप्नं पडतात का?

स्वप्नं पडतात. मला तर एकच पुन्हा पुन्हा पडतं. सामना सुरू झालाय, चेंडू पुढच्या भिंतीवर आदळून खाली येतो आणि तिथेच निपचित पडतो. यामागचं कारण अस्सल स्क्वॉशचं आहे. दोन पिवळ्या ठिपक्यांचा स्पर्धेचा चेंडू थंड असला की उसळतच नाही, मारून मारून तापवावा लागतो. स्वप्नात माझा चेंडू कधीच तापत नाही.

कादंबऱ्या थोड्या आहेत, पण आहेत. चेतना मारू यांची ‘वेस्टर्न लेन’ आधी वाचा. २०२३ मध्ये ती बुकरच्या अंतिम यादीत होती. आई गेल्यावर वडील तिघी मुलींकडून कसून स्क्वॉशचा सराव करून घेतात. गोष्ट सांगते ती सगळ्यांत धाकटी, ११ वर्षांची गोपी. सुरुवातीलाच कोर्टच्या मधोमध ‘टी’वर उभं राहून शेजारच्या कोर्टातला आवाज ऐकण्याबद्दल ती बोलते. तिथे मी थबकलेच. प्रतिस्पर्धी मागे असला की आम्हीही निम्मं कानांनीच खेळतो!

शिवाय इथे मध्ये जाळी नाही. ९.७५ मीटर लांब आणि ६.४ मीटर रुंद खोलीत दोघांची जमीन एकच, वाट एकच. इयन मॅक्युअन यांच्या ‘सॅटर्डे’मध्ये (२००५) न्यूरोसर्जन आणि त्याचा भूलतज्ज्ञ मित्र एका ‘लेट’वरून (अडथळा आला म्हणून गुण पुन्हा खेळायचा की नाही यावरून) हमरीतुमरीवर येतात, ते मला म्हणूनच पूर्ण पटलं.

कादंबरीला मागे टाकेल अशी खरी गोष्ट पाकिस्तानी स्क्वॉशपटू जहांगीर खानची. त्याचा थोरला भाऊ तोरसम १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात सामना खेळता खेळता कोसळला आणि गेला. जहांगीर खेळ सोडायच्या बेतात होता. पण धाकट्याने जगज्जेता व्हावं हे तोरसमचं स्वप्न होतं. जहांगीर परतला आणि १९८१ मध्ये, १७व्या वर्षी, जगज्जेता झाला. मला अजूनही हे लिहिताना गलबलतं.

आणखी एक. आमच्यात ‘घोस्टिंग’ नावाचा सराव असतो: चेंडू नाही, समोर कोणी नाही, तरी ‘टी’वरून कोपऱ्यात धावायचं, फटका मारायचा, परत यायचं. ज्या दिवशी हे भरपूर करते, त्या रात्री तो निपचित चेंडू स्वप्नात येत नाही. फक्त बुटांचा आवाज येत राहतो.