दोन ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम), एक लॅपटॉप : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमध्ये विंडोज ११ आहे, ५१२ जीबीची एसएसडी, त्यातली निम्मी रिकामी. लिनक्स शिकायचंय पण ऑफिसचं एक सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालतं म्हणून ते काढता येत नाही. डेटा न उडता दोन्ही ठेवता येतील का?

उत्तर : येतील, आणि विंडोज आधीपासून आहे हे तर बरंच झालं, कारण विंडोज आधी आणि लिनक्स नंतर हाच क्रम सोपा जातो. इन्स्टॉलेशन फार तर अर्ध्या तासाचं काम, पण लोकांचा डेटा जातो तो त्याआधीच्या तयारीत घाई केल्यामुळे, म्हणून मी तयारीवरच जास्त लिहितोय. पहिलं म्हणजे बॅकअप, तोही बाहेरच्या डिस्कवर, त्याच एसएसडीच्या दुसऱ्या पार्टिशनमध्ये (म्हणजे त्याच डिस्कच्या वेगळ्या भागात) नाही.

मग बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारं फीचर, चालू आहे का बघा. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की डिस्क एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि आपल्याला पत्ताच नसतो. नंतर बूट सेटिंगमध्ये काही बदललं की निळी स्क्रीन येते आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागते, ती नसेल तर फाइल्स डोळ्यांसमोर असून हाताला लागत नाहीत. माझ्या मित्राचे मुलीच्या लहानपणापासूनचे फोटो असेच गेले, म्हणून कळकळीने सांगतो, ती रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये शोधा, कागदावर उतरवून घ्या आणि मगच पुढचं करा. एन्क्रिप्शन बंद करून पूर्ण डिक्रिप्ट होऊ दिलंत तर आणखी चांगलं, काही इन्स्टॉलर ते चालू असताना पुढे जातच नाहीत.

फास्ट स्टार्टअपही बंद करा, पॉवर ऑप्शन्समध्ये मिळेल. ते चालू असताना शट डाउन केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट हायबरनेट होतं, आणि अशा वेळी लिनक्समधून सी ड्राइव्हवर काही लिहिलं गेलं तर फाइल्स खराब होऊ शकतात.

जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून काढा, सी वर राइट क्लिक आणि श्रिंक व्हॉल्यूम. आकडा एमबीत टाकायचा असतो, १०० जीबी हवे तर १०२४००, शिकायला एवढे भरपूर झाले. निम्मी डिस्क रिकामी असूनही तो थोडीच जागा देत असेल तर मध्ये पेजफाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज वापरतं ती फाइल), हायबरनेशनची फाइल वगैरे अडून बसलेली असते, त्या सोयी तात्पुरत्या बंद करून पुन्हा बघा. मोकळी झालेली जागा तशीच सोडा, फॉरमॅट करू नका.

लिनक्सचा इन्स्टॉलर टाकलेल्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू (बूट) केल्यावर आधी इन्स्टॉल न करता लिनक्स वापरून बघा, वायफाय, आवाज, टचपॅड सगळं चालतंय ना ते इथेच कळतं. मग इन्स्टॉलरमध्ये विंडोजच्या शेजारी इन्स्टॉल करायचा पर्याय निवडा, 'इरेज डिस्क'ला चुकूनही हात लावू नका. डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) स्टोरेज बहुतेक आरएसटी किंवा रेड (RAID) मोडवर असेल, ते एएचसीआय (AHCI) या साध्या मोडवर करावं लागतं, पण थेट बदललं तर विंडोज उठत नाही, आधी विंडोजला पुढच्या बूटला सेफ मोडमध्ये जायला सांगायचं आणि मग बदलायचं.

प्रश्न : दोन्ही नीट चालत होतं, विंडोज अपडेट झालं आणि आता ग्रबचा मेन्यू (सुरुवातीला विंडोज की लिनक्स ते विचारणारा) येतच नाही, थेट विंडोज उघडतं. लिनक्स उडालं का?

उत्तर : बहुतेक नाही. यूईएफआय मशीनवर, म्हणजे जुन्या बायोसच्या जागी नवी पद्धत असलेल्या, दोघांचे बूटलोडर (ओएस सुरू करून देणारे छोटे प्रोग्राम, ग्रब हा लिनक्सचा) डिस्कवरच्या ईएफआय नावाच्या छोट्या पार्टिशनमध्ये वेगवेगळ्या फोल्डरमध्ये असतात, अपडेटनंतर अनेकदा फक्त बूटचा क्रम बदललेला असतो. बायोसमध्ये जाऊन लिनक्सची नोंद वर आणा, तेवढ्याने काम होतं. नोंदच नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून इन्स्टॉल न करता लिनक्स चालतं तो) बूट करून ग्रब पुन्हा बसवा, त्याने तुमच्या फाइल्सना धक्का लागत नाही. याच्या उलट काही जणांना ग्रबमध्ये विंडोज दिसत नाही, त्याचं कारण म्हणजे २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून दुसऱ्या ओएस शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो, तो ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये चालू करून ग्रब अपडेट करायचं.

प्रश्न : लिनक्समधून विंडोजमध्ये आलो की घड्याळ काही तास चुकलेलं असतं. बॅटरी गेली का?

उत्तर : बॅटरी ठीक आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळातली वेळ विंडोज स्थानिक समजतं आणि लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), म्हणून तुमच्या टाइमझोनएवढाच फरक पडतो. लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगा, टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएलची एक कमांड पुरते, नंतर विंडोजमध्ये जाऊन वेळ एकदा सिंक करून घ्या.