'चेल्ला'चं इंग्रजी करताना

प्रिय,

तुझ्या अनुवादाची पानं मिळाली, निवांत वाचली. तुझं इटालियन आता पक्कं झालंय आणि इंग्रजीही कुठे अडखळत नाही, म्हणून त्याबद्दल काही लिहीत नाही. इटलीतल्या सिएनाच्या, चौदाव्या शतकातल्या संत कातेरीनाच्या 'संवाद' या पुस्तकाचं पहिलंच वाक्य आणि त्यातल्या 'चेल्ला' या एका शब्दाचं तू जे केलंस, त्यावर मात्र सविस्तर बोलायचं आहे.

'चेल्ला देल कोन्योशिमेंतो दि से.' स्वतःला ओळखण्याची चेल्ला. मठात एकेका संन्याशाला राहायला मिळते ती छोटी खोली म्हणजे चेल्ला. तू तिचं 'इनर सँक्चुअरी' केलंस. कानाला गोड लागतं, पण ते कुठून आलं हे माझ्या लगेच लक्षात आलं. गाभाऱ्यातून आलं. आपण मराठी माणसं अध्यात्माचं काही वाचायला घेतलं की मनात गाभारा उभा राहतोच, समईचा उजेड आणि समोर देव. कातेरीनाच्या खोलीत पाऊल टाकलं की आधी दिसतं ते आपलं काहीच नसणं. तिचे धर्मगुरू आणि चरित्रकार, कापुआचे रायमोंदो, यांनी नोंदवून ठेवलंय की देव तिला म्हणाला, जी नाही ती तू, आणि जो आहे तो मी. असं ऐकून घ्यावं लागतं त्या जागेला सँक्चुअरी म्हणून कसं चालेल? सँक्चुअरीत माणूस आसरा शोधायला जातो. इथे तो उघडा पडायला जातो.

ही खोली तिच्या आयुष्यात आली कशी, तेही डोक्यात असू दे. कातेरीना 1347 साली सिएनाच्या फोंतेब्रांदा भागात जन्मली. वडील कापड रंगवणारे, घर लेकराबाळांनी भरलेलं. लग्न करणार नाही म्हणून तिने केस कापून टाकले, तेव्हा घरच्यांनी तिची स्वतंत्र खोली काढून घेतली आणि तिला स्वयंपाकपाण्याला जुंपलं. रायमोंदो सांगतात की तेव्हा तिने मनातच एक खोली बांधली, जिच्यातून तिला कुणीही बाहेर काढू शकणार नव्हतं. पुढे ती डोमिनिकन या ख्रिस्ती संन्याशांच्या पंथाच्या, मांतेल्लाते म्हणवणाऱ्या बायकांत सामील झाली. या बायका मठात राहत नसत, आपापल्या घरीच राहत. म्हणजे जिने आयुष्यभर चेल्लाबद्दल लिहिलं, ती मठाच्या चेल्लात कधी राहिलीच नाही. 1376 साली, पोप तेव्हा जिथे राहत त्या आविन्योंला जाऊन पोप अकरावे ग्रेगरी यांना तुम्ही रोमला परत चला असं तोंडावर सांगणारी बाई आहे ही. खोली सोबत घेऊन फिरणारी. म्हणून 'हर्मिटेज' बाद, त्यात माणसांपासून लांब जाणं आलं. 'क्लॉइस्टर' म्हणजे मठाचं बंदिस्त आवार, तेही बाद.

आता मुख्य गोष्ट. असा शब्द एका वाक्यात कधी ठरवायचा नाही. तो त्या लेखकाकडे जिथे जिथे येतो ती सगळी वाक्यं एका कागदावर काढायची आणि तुझा इंग्रजी शब्द प्रत्येक ठिकाणी ठेवून बघायचा. कातेरीनाची पत्रं जवळपास 380 उरली आहेत आणि चेल्ला त्यांत पुन्हा पुन्हा येते. एका पत्रात ती म्हणते, ही चेल्ला म्हणजे विहीर आहे, तिच्यात माती आहे आणि पाणीही आहे. माती म्हणजे आपलं दारिद्र्य. ते ओळखलं की खाली पाणी लागतं, आणि ते पाणी म्हणजे देवाचं चांगुलपण. तुझ्या सँक्चुअरीत विहीर खण बघू! दुसऱ्या एका पत्रात ती म्हणते, या एकात एक अशा दोन चेल्ला आहेत, एक स्वतःला ओळखण्याची आणि एक देवाला ओळखण्याची, आणि एकीत असताना दुसरीतही असायलाच हवं. नुसतं स्वतःकडे बघत बसलीस तर खचशील, नुसतं देवाकडे बघत बसलीस तर माज चढेल. इथे 'सेल्फ-अवेअरनेस'सारखा कोरडा अर्थ ठेवलास तर 'एकात एक दोन' लिहिणार कसं? अर्थ एकात एक मावत नाहीत, खोल्या मावतात.

म्हणून मी म्हणते की हिच्या रूपकाला नक्षी समजू नकोस. ती त्या शब्दातच विचार करते. रूपक काढून अर्थ ठेवला की पुढचा विचार करायला जागाच उरत नाही.

मग इंग्रजीत काय? 'चेंबर' म्हटलं की शयनगृह किंवा दरबार डोळ्यांपुढे येतो. 'क्लोझेट'ला 1611 च्या इंग्रजी बायबलचा आधार आहे, आपल्या मराठी बायबलात जिथे 'खोलीत जा' म्हटलंय तिथेच तो येतो, पण आजच्या वाचकाला त्यात कपडे टांगलेले दिसतात. 'रूम' मला आवडतो, साधा आहे. पण ही पत्रं ज्यांना जात होती त्यांतले कितीतरी जण खरोखरच्या चेल्लात राहणारे साधू होते. त्यांना आपली रोजची खोली आठवावी म्हणूनच ती हा शब्द वापरते. 'रूम'मध्ये मठ ऐकू येत नाही.

राहिला 'सेल'. तू समासात लिहिलं आहेस की सेल म्हटलं की तुरुंग, पेशी नाहीतर मोबाईल आठवतो. खरं आहे. पण आजच्या इटालियन वाचकालाही चेल्ला म्हटलं की तुरुंगाची कोठडी आठवतेच, मांस-मासे साठवायच्या शीतगृहालाही तिथे 'चेल्ला फ्रिगोरीफेरा'च म्हणतात. तो वाचक त्यातून वाट काढतो, तर इंग्रजी वाचकही काढेल. आणि कोठडीचा थोडा वास राहिला तर राहू दे की. खोली लहान आहे, आत बसायला सुख नाही, हे मुळातही आहेच. मी सेल ठेवला असता.

आता त्याच वाक्यातला एक तुकडा जवळून बघ. आत्म्याबद्दल ती म्हणते, 'अबितुआता ए अबिताता' त्या चेल्लात. सवय झालेली आणि वस्तीला असलेली, दोन्ही शब्द जवळजवळ एकाच आवाजाचे. अल्गर थोरोल्ड यांच्या 1896 च्या अनुवादात नुसतं राहणं उरलं, सवय गळाली. सुझान नॉफ्की यांनी 1980 साली 'अकस्टम्ड टू ड्वेलिंग' करून दोन्ही अर्थ धरले, नाद सोडला. मला नॉफ्कींचा सौदा पटतो. 'हॅबिच्युएटेड' आणि 'इनहॅबिटिंग' हा मोह तुला होणार हे मला माहीत आहे. ते करू नकोस. हॅबिच्युएटेड म्हटलं की नशापाणी आठवतं, आणि मूळ वाक्य मजकूर तोंडी सांगून लिहवून घेता घेता सहज तोंडातून आल्यासारखं आहे, घडवून बसवलेलं नाही.

'कोन्योशिमेंतो दि से'साठी तू 'सेल्फ-डिस्कव्हरी' केलंस तेही बदल. त्यातून सुट्टी काढून हिमालयात गेलेलं माणूस दिसतं. 'नोइंग वनसेल्फ' किंवा सरळ 'सेल्फ-नॉलेज' पुरे.

शब्दकोशाबद्दल थोडं. आजचा इटालियन कोश हिच्यासाठी पुरत नाही. फ्लोरेन्सच्या संस्थेने तयार केलेला आरंभकाळच्या इटालियनचा कोश, 'त्लिओ', इंटरनेटवर फुकट आहे, तो कायम उघडा ठेव. हिची भाषा सिएनाची आहे, फ्लोरेन्सची नव्हे. इतरांकडे 'एर' (er) असतो तिथे सिएनाकडे कितीदा 'आर' (ar) येतो, तेव्हा 'पोवारो' दिसला की छपाईची चूक समजून दुरुस्त करायला जाऊ नकोस, तो गरीब माणूसच आहे. या भाषेची बाजू घेऊन जिरोलामो जील्यी या सिएनाच्याच लेखकाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कातेरीनाच्या शब्दांचा एक कोश छापायला घेतला. त्यात फ्लोरेन्सच्या भाषापंडितांना इतके टोले होते की छपाई 'R' या अक्षराशी थांबवली गेली आणि 1717 साली फ्लोरेन्समध्ये तो कोश जाहीरपणे जाळला. शब्दांसाठी माणसं इतकी पेटत होती, आणि आपण आळसाने पहिला समानार्थी शब्द उचलतो.

पुढच्या खेपेला पुलाचं प्रकरण घेशील. ख्रिस्त म्हणजे पृथ्वीपासून स्वर्गापर्यंतचा पूल, आणि त्या पुलावर 'बोत्तीगा' आहे, जिथे वाटसरूंना जीवनाची भाकर आणि प्यायला त्याचं रक्त मिळतं. बोत्तीगा म्हणजे दुकान. नॉफ्कींनी तिथे 'होस्टेलरी' केलंय, म्हणजे उतरायची, जेवायची सोय. खाणंपिणं आहे म्हणून ते चुकीचं म्हणता येत नाही. पण पुलावर दुकानं असणं तिला नवं नव्हतं. फ्लोरेन्सचा पोन्ते वेक्यो हा पूल 1345 च्या सुमारास नव्याने बांधला गेला तो दुकानांसकटच, आणि ती फ्लोरेन्सला जाऊन आलेली होती. माझा कल 'शॉप'कडे आहे. दुकान म्हटलं की चर्चची अप्रतिष्ठा होईल असं वाटून हात आखडू नकोस, तिचा आखडला नव्हता. तरी आधी बोत्तीगा आणखी कुठे कुठे येते ते शोध, सगळी वाक्यं कागदावर काढ आणि तो कागद अनुवादाच्या आधी मला पाठव.

तुझी,
मावशी